दोन्ही बाजूंनी डेटा सिंक करताना: सॉकेट शेवटी जोडा

एकाने वेब-पानावर आकडा बदलला की दुसऱ्याच्या पानावर तो लगेच दिसावा, आणि उलटही तसंच. मागणी एवढीच असते. ती हातात पडल्याबरोबर बहुतेक जण वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी, दोन्ही बाजूंनी चालणारी जोडणी) उघडतात, बदल तिकडे ढकलतात, आलेला बदल पडद्यावर चिकटवतात. ऑफिसच्या वायफायवर डेमो झकास होतो. मग तेच पान देवगडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातं. तिथे रेंज एका कलमाखाली मिळते, दुसऱ्याखाली नाही, आणि लाईट गेली की राऊटरही जातो.

या लेखात उदाहरण एकच धरतो. हापूसचा हंगाम आहे. मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) पॅकिंग करणारा तयार पेट्या नोंदवतो, टेम्पो भरणारा चढवलेल्या पेट्या नोंदवतो, वाशीच्या गाळ्यावरचा माणूस उतरलेल्या. तिघांकडे पान एकच, पण तीन फोनांवर तीन आकडे, आणि बागायतदार विचारतो, "खरो आकडो खंयचो?" तुमच्या रचनेला याचं उत्तर देता यायला हवं. वेगाचं नंतर बघू.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला की शेवटी सगळं पुन्हा लिहावं लागतं.

## कोड लिहिण्याआधी: प्रत्येक रकाना तपासा

आधी खरंच दुतर्फी लागतं का ते बघा. वाशीचा भाव पानावर फक्त दाखवायचा असेल, तर सर्व्हरकडून एकतर्फी येणारे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडणी करतो आणि शेवटच्या घटनेची ओळखही सोबत पाठवतो. एवढंच ध्यानात ठेवा, की जुन्या एचटीटीपी १.१ वर एका डोमेनला ब्राउझर साधारण सहाच जोडण्या देतो, त्यामुळे सातवी टॅब अडकून बसते. आणि अर्ध्या मिनिटाने जुना आकडा दिसला तरी कुणाचं बिघडत नसेल, तर दर तीस सेकंदांनी विचारणा करा आणि घरी जा.

दुतर्फी लागतंच असं ठरलं, तर कागद घेऊन प्रत्येक रकान्यापुढे लिहा: दोघांनी एकाच वेळी बदलला तर काय व्हावं?

- शेवटचा जिंकला तरी चालेल. टेम्पोचा नंबर, पेटीवरची टीप.
- दोन्ही बदल मोजले जावेत. पेट्यांची संख्या. मूळ ४० होत्या. मांगरातल्याने ६ वाढवल्या, टेम्पोवाल्याने फुटलेल्या २ कमी केल्या. उत्तर ४४ यायला हवं. "संख्या आता ४६" आणि "संख्या आता ३८" असे निरोप पाठवलेत, तर यातलं एक टिकेल आणि दोन्ही चूक. इथे "अधिक ६", "उणे २" अशी क्रिया पाठवायची.
- निवाडा फक्त सर्व्हरने करावा. टेम्पोतली शेवटची जागा किंवा तारकर्लीच्या होमस्टेमधली शेवटची खोली. ती दोघांना देता येत नाही. अशा ठिकाणी "झालं" हा शब्द सर्व्हरच्या उत्तराआधी पडद्यावर आणू नका.
- एकाच मजकुरात दोघं टाइप करतात. हे खरंच हवं असेल तर वायजेएस किंवा ऑटोमर्जसारखी तयार सीआरडीटी (वेगवेगळ्या ठिकाणचे बदल आपोआप एकत्र जुळवणारी डेटा-रचना) लायब्ररी घ्या. स्वतः लिहायला जाऊ नका, पूर्ण हंगाम त्यातच जाईल.

बहुतेक ॲपमध्ये नव्वद टक्के रकाने पहिल्या दोन प्रकारांत बसतात असा माझा अंदाज. तरीही लोक सुरुवातच सीआरडीटीपासून करतात, कारण ते वाचायला रंजक असतं.

## टप्पा १: नोंदीची ओळख फोनवरच तयार करा

नवी नोंद रेंज नसताना तयार होणार, म्हणजे तिची ओळख डेटाबेस देईपर्यंत थांबता येत नाही. ब्राउझरमध्येच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारी लांबलचक ओळख) बनवा. ही सोय फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालते, त्यामुळे चाचणीचं पान साध्या आयपी पत्त्यावर उघडलं की "फंक्शनच नाही" असा एरर येतो. त्यात अर्धा दिवस घालवू नका.

प्रत्येक क्रियेलाही स्वतःची वेगळी ओळख द्या. क्रियेत एवढं असू द्या: क्रियेची ओळख, कुठली नोंद, काय केलं, किती, नोंदीची कुठली आवृत्ती बघून केलं, आणि क्रियेच्या स्वरूपाचा क्रमांक. हा शेवटचा क्रमांक आज निरुपयोगी वाटेल. जुनं पान उघडं ठेवून आठवडाभर रेंजबाहेर असलेला फोन परत आला, की त्याची किंमत कळते.

खोडलेली नोंद टेबलातून उडवू नका, "खोडली" अशी खूण करा. उडवली तर ती खोडली गेल्याचं बाकीच्या फोनांना सांगायला काहीच उरत नाही, आणि एखादा जुना फोन तिला पुन्हा जिवंत करतो.

इशारा: कोणता बदल आधीचा आणि कोणता नंतरचा, हे फोनच्या घड्याळावरून ठरवू नका. फोनची वेळ फक्त दाखवण्यासाठी जपा. क्रम सर्व्हर लावेल.

## टप्पा २: तीच क्रिया दोनदा आली तरी एकदाच लागू व्हावी

रेंज नेमकी कधी तुटते? विनंती सर्व्हरवर पोचली, डेटाबेसात लिहिली गेली, आणि उत्तर परत येताना तुटली. फोनला वाटतं गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. "अधिक ६" दोनदा लागू झालं की वाशीला सहा पेट्या कमी उतरतात, आणि संशय टेम्पोवाल्यावर जातो.

उपाय: क्रियांचं एक नोंद-टेबल ठेवा आणि क्रियेच्या ओळखीवर युनिक बंधन (तीच ओळख दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम) घाला. क्रिया लिहिणं आणि पेट्यांचा आकडा बदलणं हे दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. बंधन आडवं आलं तर आकड्याला हात न लावता आधीचंच उत्तर परत द्या.

"आधी शोधतो, नसेल तर घालतो" असं कोडमध्ये लिहिणं पुरेसं नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "नाही" हेच उत्तर मिळतं. बंधन डेटाबेसातच हवं.

या ओळखी किती दिवस ठेवायच्या? फोन जास्तीत जास्त जितके दिवस रेंजबाहेर राहू शकतो त्याहून जास्त. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईल नव्हता. चोवीस तासांनी ओळखी पुसणारं कोड अशा ठिकाणी चालत नाही.

## टप्पा ३: अनुक्रमांक

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि चूक महिनोन्‌महिने दिसत नाही, म्हणून सावकाश वाचा.

प्रत्येक मान्य क्रियेला सर्व्हरने चढता क्रमांक द्यायचा आणि फोनने "मी १०० पर्यंत पाहिलंय, पुढचं दे" म्हणायचं, ही पद्धत बरोबरच आहे. चूक क्रमांक देण्यात होते. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला आपोआप वाढणारा क्रमांक ट्रान्झॅक्शन पक्कं होण्याआधीच वाटला जातो. समजा मांगरातल्या क्रियेला १०१ मिळाला आणि टेम्पोच्या क्रियेला १०२. टेम्पोची आधी पक्की झाली. त्याच क्षणी वाशीच्या फोनने "१०० च्या पुढचं" मागितलं. त्याला १०२ मिळाली, त्याने "१०२ पर्यंत पाहिलं" अशी खूण केली. मग १०१ पक्की झाली. आता वाशीचा फोन १०१ कधीच मागणार नाही. कुठेही एरर नाही, आणि सहा पेट्या त्या एका फोनवर कायमच्या गायब.

आपोआप वाढणारा क्रमांक रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये वायाही जातो. त्यामुळे मधला क्रमांक नाही म्हणजे काहीतरी हुकलं, असं फोनला खात्रीने म्हणता येत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक बागेसाठी एक मोजणी-ओळ ठेवा. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तिच्यात एक मिळवा आणि आलेला आकडा क्रियेला द्या. ओळीवर कुलूप असल्याने दुसरं ट्रान्झॅक्शन पहिलं संपेपर्यंत थांबतं, म्हणून क्रमांकांचा क्रम आणि पक्कं होण्याचा क्रम एकच राहतो. रद्द झालं तर मोजणीही मागे जाते, म्हणून खाचा पडत नाहीत. हे हळू होईल अशी भीती वाटते, पण कुलूप एका बागेपुरतं असतं. एका मांगरात सेकंदाला शंभर नोंदी कोण करतो? मोजणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटी वाढवा, म्हणजे कुलूप क्षणभरच राहतं.

## टप्पा ४: "मागचं द्या" हा साधा मार्ग

सॉकेट अजूनही नाही. साध्या एचटीटीपीवर एक पत्ता: अमुक बागेच्या, अमुक क्रमांकापुढच्या क्रिया द्या. एका वेळी काही शे, आणि "अजून आहेत" अशी खूण.

जुन्या क्रिया कधीतरी पुसाव्या लागतीलच. फोनने मागितलेला क्रमांक उरलेल्या नोंदींपेक्षा जुना असेल, तर सर्व्हरने स्पष्ट सांगावं: पूर्ण चित्र (सगळ्या नोंदींची आत्ताची स्थिती) नव्याने घे. त्या चित्रासोबत "हे इतक्या क्रमांकापर्यंतचं" हा आकडा हवाच, आणि चित्र व आकडा एकाच स्थिर वाचनातून यायला हवेत. वेगवेगळ्या क्वेरींनी घेतले तर मधल्या फटीत बदल हरवतो.

तपासणी: इथे थांबा. पानावर "ताजं करा" असं बटण ठेवा आणि तीन फोनांवर तासभर काम करा. प्रत्येकावर बटण दाबल्यावर आकडे जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर सॉकेट जोडून काही सुधारणार नाही, चूक फक्त लवकर पसरेल.

## टप्पा ५: ब्राउझरमधली रांग

प्रत्येक क्रिया आधी फोनवर जतन करा, मग पाठवा. जागा इंडेक्स्ड-डीबीची, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसची. लोकल स्टोरेज साधारण पाच एमबीवर संपतं आणि लिहिताना पान अडवून धरतं.

दोन थर वेगळे ठेवा: सर्व्हरने मान्य केलेलं चित्र, आणि अजून न पोचलेल्या क्रियांची रांग. पडद्यावर दिसतं ते मान्य चित्रावर रांगेतल्या क्रिया लावून. सर्व्हरकडून नवं आलं की मान्य चित्र बदला आणि रांग पुन्हा वर लावा. दोन थर एकत्र कालवले की "मी आत्ता लिहिलेलं नाहीसं झालं" ही तक्रार ठरलेलीच.

रांगेतून क्रिया कधी काढायची? सर्व्हरने "मिळाली, क्रमांक ४१८" म्हटल्याबरोबर काढलीत आणि मान्य चित्र अजून ४१५ वर असेल, तर आकडा क्षणभर मागे जाऊन परत पुढे येतो. वापरणारा घाबरून पुन्हा ६ वाढवतो, आणि ही नवी क्रिया असल्याने टप्पा २ मधलं बंधन तिला अडवत नाही. म्हणून मान्य चित्र ४१८ ला पोचेपर्यंत ती क्रिया रांगेतच राहू द्या, फक्त "पोचली" अशी खूण करून.

पाठवताना एकामागून एक, क्रमानेच पाठवा. नोंद तयार होण्याआधी तिची दुरुस्ती पोचली तर सर्व्हर ती नाकारेल. उत्तराप्रमाणे पुढचं ठरवा:

- उत्तर आलंच नाही किंवा सर्व्हरची अडचण: थोडं थांबून तीच क्रिया पुन्हा.
- लॉगिन संपलं: रांग थांबवा, लॉगिन मागा. रांग पुसू नका. लॉगआउट करताना सगळं साफ करणारं कोड इथे घात करतं.
- क्रिया नाकारली: ती बाजूला काढा, माणसाला दाखवा, पुढची पाठवा. ती तोंडाशीच ठेवलीत तर मागच्या सगळ्या तिच्यामागे अडकतात.

आणखी तीन खाचखळगे. इंडेक्स्ड-डीबीच्या ट्रान्झॅक्शनच्या मध्येच नेटवर्कची वाट बघू नका, कारण ते ट्रान्झॅक्शन आपोआप बंद होतं आणि पुढचं लिखाण एरर देतं. आधी वाचा, मग पाठवा, मग नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये खूण करा. दुसरं, पान दोन टॅबमध्ये उघडं असेल तर दोघी एकच रांग उपसायला बसतात. वेब लॉक्स (टॅबांमधलं सामायिक कुलूप) वापरून एकीलाच पाठवू द्या. तिसरं, सफारी काही दिवस न वापरलेल्या साइटचा साठा साफ करते. ज्यांना आयफोनवर काम करायचंय त्यांना पान होम स्क्रीनवर जोडायला सांगा.

## टप्पा ६: आता सॉकेट

सॉकेटचं काम फक्त हाक मारण्याचं: "४१८ झालं." फोन ४१५ वर असेल तर तो टप्पा ४ च्या मार्गाने ४१६ पासून पुढचं आणतो. चपळाई हवी असेल तर हाकेसोबत बदलही पाठवा. क्रमांक आपल्या पुढचाच असेल तर लावा, आधी पाहिलेला असेल तर टाका, मध्ये खाच दिसली तर मागचं मागवा.

जोडताना क्रम महत्त्वाचा: आधी सॉकेटवर नाव नोंदवा (या बागेच्या हाका मला पाठव असं सांगा), मग मागचं मागवा. उलट केलंत तर मागवणं संपल्यापासून नाव नोंदेपर्यंतचे बदल हुकतात.

सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर हाक सगळ्यांपर्यंत पोचवायला रेडिसचं पब-सब किंवा पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय चालतं. दोन्हींत, त्या क्षणी ऐकत नसलेल्याला निरोप मिळत नाही, पण आपली फक्त हाकच असल्याने बिघडत नाही. पोस्टग्रेसचा निरोप ८००० बाइटच्या आत हवा, म्हणून त्यात क्रमांकच घाला. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसपुढे बसून जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवत असाल तर ऐकणारी जोडणी त्याला वगळून थेट ठेवा.

सुरक्षेचं थोडक्यात. वेबसॉकेटला ब्राउझरचे क्रॉस-ओरिजिनचे नेहमीचे निर्बंध लागू होत नाहीत. ओरिजिन हेडर (विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारा) सर्व्हरवर स्वतः तपासा, नाहीतर दुसरी साइट तुमच्या वापरकर्त्याच्या कुकीवर सॉकेट उघडू शकते. ब्राउझरमधून सॉकेटला स्वतःचे हेडर जोडता येत नाहीत, म्हणून लोक टोकन पत्त्यातच घालतात आणि ते लॉगमध्ये उतरतं. घालायचंच तर काही सेकंद टिकणारं, एकदाच चालणारं तिकीट घाला. आणि बागेचा परवाना नाव नोंदवताना तपासा, पान उघडताना तपासला होता यावर विसंबू नका.

## टप्पा ७: तुटणं, आणि तुटल्याचं न कळणं

फोन वायफायवरून मोबाईल डेटावर गेला की जुनं सॉकेट बऱ्याचदा मेलेलं असतं, पण पानाला कळत नाही. बंद झाल्याची घटना कित्येक मिनिटांनी येते. ब्राउझरचं "ऑनलाइन" हे उत्तरही फसवं. कुठल्यातरी नेटवर्कला जोडलंय एवढंच ते सांगतं. राऊटर चालू आणि पुढची केबल तुटलेली असली तरी "ऑनलाइन"च.

वेबसॉकेटच्या प्रोटोकॉलमध्ये पिंग आहे, पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तो पाठवता येत नाही आणि आलेला दिसतही नाही. म्हणून साध्या निरोपानेच ठोका ठेवा. दर २५ सेकंदांनी सर्व्हरकडून "आहे, ४१८". दोन ठोके चुकले की फोनने जुनं सॉकेट सोडून द्यावं आणि नवं उघडावं. जुन्याचे श्रोते (त्याच्या घटना ऐकणारं कोड) आधी काढा, नाहीतर मेलेलं सॉकेट उशिरा "बंद झालं" म्हणून नवी जोडणीही पाडतं. २५ सेकंदच का? एनजिनएक्स (सर्व्हरपुढे बसवतात तो वेब-सर्व्हर) मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद शांत राहिलेली जोडणी तोडतो. ठोक्यात क्रमांकही असल्याने एखादी हाक हुकली तरी पुढच्या ठोक्याला भरून निघते.

पुन्हा जोडताना एक सेकंदापासून दुप्पट करत तीसपर्यंत जा, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळा. तो नसेल तर सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर सगळे फोन एकाच क्षणी दारात येतात. सॉकेट उघडल्याबरोबर ही वाट शून्यावर आणू नका. मिनिटभर टिकलं की आणा.

पडद्यामागे गेलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंदावतो, फोन तर पानच गोठवतो. त्यामुळे पान पुन्हा दिसू लागलं की ठोक्याची वाट न बघता लगेच मागचं मागवा.

इशारा: "पूर्ण चित्र नव्याने घे" असं उत्तर आलं तर मान्य चित्रच बदला. रांगेला हात लावू नका. न पोचलेलं काम तिथेच असतं.

## टप्पा ८: खऱ्या फोनवर मोडून बघा

ऑफिसात बसून हे करता येतं, पण दोन खरे फोन हवेत.

१. "अधिक ६" दाबल्याक्षणी एअरप्लेन मोड. मग परत सुरू. आकडा ६ नेच वाढला पाहिजे.
२. सर्व्हरने लिहिल्यानंतर उत्तर मुद्दाम गिळणारं चाचणी-कोड लावा. निकाल तोच हवा.
३. एका फोनचं घड्याळ एक दिवस मागे करा.
४. एकाच फोनवर दोन टॅब, दोन्हींत नोंदी, मग रेंज.
५. दोन्ही फोन रेंजबाहेर नेऊन एकाने नोंद खोडा, दुसऱ्याने तीच वाढवा. काय व्हावं हे आधी कागदावर लिहिलेलं असू द्या.
६. मोजणी-ओळ वाढवल्यानंतर दोन सेकंद थांबणारं चाचणी-कोड घाला आणि त्याच वेळी दुसरी नोंद करा. टप्पा ३ मधली चूक राहिली असेल तर इथे दिसते.
७. सगळं चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट करा.

प्रत्येक चाचणीनंतर दोन्ही फोनांवरचं मान्य चित्र आणि सर्व्हरवरचं चित्र एकाच क्रमांकाला ताडून बघा. डोळ्यांनी नको, चित्राचा हॅश (सगळ्या डेटावरून काढलेली छोटी खूण) काढा.

चालू झाल्यावर सर्व्हरवर तीन गोष्टींवर नजर ठेवा: किती क्रिया नाकारल्या, किती फोनांनी पूर्ण चित्र मागितलं, आणि क्रिया फोनवर तयार झाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला. तिसऱ्याला फोनचं घड्याळ वापरू नका. पाठवताना "ही इतका वेळ रांगेत होती" असा कालावधी फोननेच मोजून द्यावा. पडद्यावर प्रत्येक नोंदीशेजारी तीनच अवस्था दाखवा: "फोनवर आहे", "पोचली", "नाकारली, बघा". मांगरातल्या माणसाला हिरवा-लाल ठिपका नको असतो. टेम्पो सुटण्याआधी "फोनवर आहे" अशा किती नोंदी उरल्यात, तो आकडा हवा असतो. तो पानाच्या वरच, मोठ्या अक्षरात द्या.